भैरोबाची खेप

“पाव्हणं, ‘डी’वर न्हाय. ‘एम’वर टाका.”

मी अजून सीटवर नीट टेकलोही नव्हतो. सीटबेल्ट लावला होता, आरसा चारदा हलवून होता तिथंच आणून ठेवला होता आणि ब्रेक दाबून गिअरचा दांडा माझ्या ओळखीच्या ‘डी’वर ओढला होता. शेजारी बसलेल्या आबांनी माझ्या मनगटावर एक बोट ठेवलं. बोट एकच, पण जन्मभर ट्रकचं स्टिअरिंग फिरवलेल्या हाताचं होतं.

“आबा, गाडी ऑटोमॅटिक आहे,” मी म्हणालो. “ती आपली आपण गिअर बदलते.”

“मलाच सांगताय व्हय? घेतलीय आमीच.” आबांनी डाव्या गुडघ्यावरचा पट्टा सारखा केला. “डाक्टरनं क्लच दाबायचा न्हाय म्हटलं म्हणून घेतली. एरवी बाजाराला जाऊ द्या की ती आपली आपण. पण आज भैरोबाची खेप हाय. आपोआप गेलेली खेप देव धरत न्हाय. गिअर हातानं टाकायचा.”

“आन तांब्या सांडायचा न्हाय,” सगळ्यात मागच्या सीटवरून आक्का म्हणाल्या. आक्का म्हणजे आबांची थोरली बहीण. 

तांब्या काकूंच्या मांडीवर होता. तांब्याचाच तांब्या, चिंचेनं घासून लख्ख केलेला, आणि पाण्यानं इतका काठोकाठ भरलेला की काकूंनी श्वास घेतला तरी वरचं पाणी थरथरायचं. काकू दोन्ही हातांनी तो धरून बसल्या होत्या आणि माझ्याकडं बघतही नव्हत्या. त्यांच्या शेजारी, बरोबर माझ्या पाठीमागं, त्यांची मुलगी वृषाली बसली होती. तिच्यासाठीच हा सगळा खटाटोप चालला होता.

आता हे सगळं काय होतं ते सांगायला हवं. मी विश्वंभर कदम, गाव परभणी. वृषाली मोहिते आणि मी पुण्यात एकाच ऑफिसात होतो. दोन वर्षं डबे वाटून खाल्ले आणि मग घरी सांगितलं. माझ्या वडलांनी एवढंच विचारलं, “पोरगी तिखट खाती का?” खाते म्हटल्यावर त्यांची पसंती झाली. मोहित्यांकडंही काही अडलं नाही. वृषालीचे वडील हिंदुराव, म्हणजे आबा, यांचा ट्रकचा धंदा. त्यांनी माझा पगार विचारला नाही, जमीन किती तेही विचारलं नाही. म्हणाले, “माणूस बरा वाटतोय. आता भैरोबा काय म्हणतोय बघू.”

मोहित्यांचं पांगरवाडी हे गाव कऱ्हाडपासून तासाभरावर, घाटाच्या पायथ्याशी. भैरोबा घाटमाथ्यावर. त्या पंचक्रोशीतली रीत अशी, की सुपारी फोडायच्या आधी होणाऱ्या जावयानं मुलीच्या घरच्यांना मुलीच्याच घरच्या गाडीतून भैरोबाला न्यायचं. पूर्वी बैलगाडी असायची, मग जीपा आल्या. मुलीच्या आईनं घरच्या आडाच्या पाण्याचा तांब्या मांडीवर धरायचा. ते पाणी देवाच्या डोक्यावर पडलं, वडलांनी नारळ फोडून ‘खेप पोचली’ असं म्हटलं, की लग्न ठरलं. वाटेत पाणी सांडलं तर पाव्हण्यांना चहा पाजून वाटेला लावायचं. कुणी भांडत नाही की कुणी रागावत नाही. ‘खेप पोचली न्हाय,’ एवढंच सांगायचं.

वृषालीनं हे मला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी पोट धरून हसलो. ती हसली नाही.

“आणि समजा सांडलं, तर तू काय करशील?” मी विचारलं.

“मी तुझ्याशीच लग्न करीन रे. पण आबा येणार नाहीत. आणि आबा आले नाहीत तर मी मांडवात नाक पुसत उभी राहीन. अंतरपाटाच्या पलीकडं रडकी नवरी चालेल तुला?”

मला ती चालणार नव्हती. एक तर वृषाली रडताना मला बघवत नाही, आणि दुसरं म्हणजे मला आबा आवडायला लागले होते.

पण माझी अडचण निराळीच होती. मी गाडी शिकलो तीच मुळी पुण्यात, मित्राच्या ऑटोमॅटिक गाडीवर. एक पाय, दोन पेडल, बाकी गाडी बघून घेते. गिअर नावाची वस्तू मी फक्त ऐकून होतो. आणि घाट? आमच्या परभणीत उंच म्हणजे पाण्याची टाकी. मोहित्यांनी नवी गाडी ऑटोमॅटिक घेतली हे कळलं, त्या दिवशी मी ऑफिसात सगळ्यांना जिलेबी वाटली होती. कशाबद्दल ते कुणालाच कळलं नाही.

खेपेच्या दिवशी सकाळी मी परसात दात घासत होतो. थंडी मी म्हणत होती. वृषाली चहा घेऊन आली आणि हळूच म्हणाली, “आबा तुला ‘एम’वर टाकायला लावणार.”

“एम म्हणजे?”

“गाडी ऑटोमॅटिकच राहते, पण गिअर आपण हातानं बदलायचे. दांडा बाजूला सरकवायचा. पुढं ढकलला की वरचा गिअर, मागं ओढला की खालचा. क्लच नाही, काही नाही.”

“मग सोपं आहे की.”

“सोपं आहे. फक्त कधी ढकलायचा आणि कधी ओढायचा ते कळायला पाहिजे.”

मी चूळ भरली. चूळ भरायला मला जरा जास्तच वेळ लागला. “वृषा, तू तर कॉलेजात असल्यापासून या घाटात जीप चालवतेस. तूच ने की.”

“मुलीनं न्यायची नसते. मुलीनं ड्रायव्हरच्या मागं बसायचं असतं. तशी रीतच आहे.” मग ती थांबली. तिच्या चेहऱ्यावर जे हसू आलं ते मी ऑफिसात ऑडिटच्या दिवसांत बघितलं होतं. “ड्रायव्हरच्या मागं,” ती पुन्हा म्हणाली. “विशू, माझा गुडघा तुझ्या पाठीला लागतो ना? एकदा लागला की खाली. दोनदा लागला की वर.”

“आणि तीनदा लागला तर?”

“तीनदा लागला तर तोंड बंद ठेवायचं. तुला गाडी चालवताना बोलायची सवय आहे.”

तर अशी सगळी तयारी असूनही मी आधी ‘डी’वर टाकून बघितलं होतं. म्हटलं, चाललं तर चाललं. चाललं नाही. मी दांडा बाजूला सरकवला. समोर काचेखाली एकचा आकडा उमटला.

“बघा पाव्हणं,” आबा जरा समजुतीनं म्हणाले, “गाडी लई गुणाची हाय, पण तिला वळण दिसत न्हाय. वळणावर आपण पाय सैल केला की तिला वाटतं सपाटी आली. मग ती वरचा गिअर घेती. फुडं चढ आला की खाडकन खाली येती. आमचा पोरगा धैर्यशील परवा तशीच घिऊन गेला, तर आक्काची कवळी हलली.”

“पडलीच हुती,” आक्का म्हणाल्या.

“तुमाला वळण दिसतंय न्हवं? मग तुमी टाका. चला, भैरोबाच्या नावानं!”

“चांगभलं!” मागून तिघी म्हणाल्या, आणि मी पांगरवाडीतून निघालो.

गावातल्या रस्त्यावर काहीच झालं नाही. दोनदा गुडघा लागला, मी दांडा पुढं ढकलला, दोनचा आकडा आला. पुन्हा दोनदा लागला, तीन आला. गुऱ्हाळावर गूळ शिजत होता, त्याचा वास गाडीत आला तशी काकूंनी थंडी वाजते म्हणून काचा वर घ्यायला सांगितल्या. बंधारा ओलांडला आणि रस्ता वर बघायला लागला.

पहिल्या चढाला माझ्या डाव्या खांद्याखाली एक टोला बसला. मी दांडा मागं ओढला. तीनचा दोन झाला. इंजिन जरा वरच्या पट्टीत बोलायला लागलं आणि गाडी तो चढ अशी चढली की जणू कुणी मागून हात लावला. मी आरशात बघितलं. तांब्यातलं पाणी जागचं हललं नव्हतं.

“हं,” आबा म्हणाले.

आबांचं ‘हं’ म्हणजे काय, हे तोपर्यंत मला कळायला लागलं होतं. मी खूश झालो. दुसरं वळण तसंच गेलं, तिसरंही. वळणाच्या आधी एक गुडघा, वळण सरलं की दोन. मी आपला बिनबोभाट ढकलत होतो, ओढत होतो. उन्हाची तिरीप करवंदीच्या जाळ्यांवर आली होती, खाली पांगरवाडीची कौलं दिसत होती, आणि मला वाटायला लागलं की घाटात गाडी चालवणं माझ्या रक्तातच होतं, परभणीत जन्माला आल्यामुळं ते इतके दिवस कळलं नव्हतं.

“पाव्हणं,” आबांनी विचारलं, “गिअर कवा टाकायचा, हे तुमाला कसं कळतं हो?”

“आतून कळतं, आबा,” मी म्हणालो. “इंजिनाचं ऐकायचं. चढ आपल्याशी बोलत असतो. मी तर म्हणतो, ज्याला गाडीचं मन कळलं...”

गुडघा तीनदा लागला. मी तोंड बंद केलं.

“फुडं बोला की. मन कळलं, त्याचं काय?”

“त्याला बोलायची गरज पडत नाही,” मी कसंबसं म्हणालो.

“वा!” म्हणाले आबा, आणि खिडकीबाहेर बघत राहिले. त्यांच्या मिशा हलत होत्या. मला वाटलं, ते माझं बोलणं मनात घोळवतायत.

“पाव्हणं, आता जरा दमानं,” आक्कांनी मागून आवाज दिला. “ओव्हरसियरचं वळण आलं.”

“कुठला ओव्हरसियर?”

“माझा.”

मी आरशात बघितलं. आक्का दोन्ही हात समोरच्या सीटवर टेकून पुढं वाकल्या होत्या, आणि जत्रेला निघाल्यासारख्या खुशीत होत्या.

“मला सांगून आला हुता. बांधकाम खात्यात ओव्हरसियर. डोक्याला तेल, खिशाला पेन. आमच्या चुलत्यांची, बापूंची जीप घिऊन निघाला. ह्या वळणाला जीप थांबली, मग मागं यायला लागली, ती त्या तिथं करवंदीत जाऊन बसली. तांब्या एकीकडं, मी एकीकडं. उतरला, कपडे झाडलं, आन एस्टीनं गेला. तवापासनं वळणाला नाव पडलं. सरकारनं दगड लावायचा तेवढा राह्यलाय.”

पुढं आक्कांचं लग्न एका हेडमास्तरांशी झालं आणि संसार चांगला झाला, हे मला माहीत होतं. तरीपण ती करवंदीची जाळी मला एकदम फार मोठी दिसायला लागली. माझंही नाव एखाद्या वळणाला पडेल, आणि इथली माणसं पुढच्या पन्नास वर्षांत येणाऱ्या पाव्हण्यांना ‘हे परभणीकराचं वळण’ म्हणून दाखवतील, असं मनात आलं. आणि त्यांत एखादा पाव्हणा वृषालीसाठी आलेला असेल, हेही आलं.

गुडघा एकदा लागला. मी दोनवर आलो. वळणाच्या तोंडाशी वरून एस्टीचा हॉर्न ऐकू आला. लाल डबा उतारावरून सगळा रस्ता आपल्या बापाचा असल्यासारखा येत होता. मी गाडी डावीकडं दाबली. तिथं खड्डा होता. चाक खड्ड्यात गेलं, सगळे उडाले, आणि माझ्या पाठीत धाड धाड दोन टोले बसले.

दोन म्हणजे वर. मी दांडा पुढं ढकलला.

तीनचा आकडा आला आणि गाडीचा जीवच गेला. इंजिन घरघरलं. समोर उभा चढ, त्यावर एस्टीचं नाक, डावीकडं करवंदी, आणि गाडी हळू, आणखी हळू. मी पाय दाबत होतो, ती नुसती कण्हत होती.

मागून कुणीतरी खोकलं. एकदाच, कोरडं, तुटक. वृषाली नव्हती, आक्काही नव्हत्या. आबांनी चटकन मान अर्धी वळवली.

त्याच क्षणी माझ्या पाठीत एक गुडघा असा बसला की त्याचा अर्थ विचारायची सोयच नव्हती. मी दांडा ओढला. दोन. आणखी एक बसला. ओढला. एक. गाडीनं दात-ओठ खाल्ल्यासारखा आवाज केला, जागच्या जागी पाय रोवले आणि मग एका हिसक्यात ओव्हरसियरच्या वळणावरून वर निघाली. एस्टी हातभर अंतरावरून गेली. कंडक्टरनं आमच्याकडं बघून कपाळाला हात लावला.

हिसका बसला तेव्हा मी ऐकलं होतं. डुबुक.

आबांनी समोर बघतच विचारलं, “शालन, सांडलं का गं?”

मी आरशात बघितलं. काकूंच्या हिरव्या साडीवर, मांडीवर, भाकरीएवढा काळा ओला डाग पसरला होता. त्यांनी हळूच पदर पुढं ओढला, तो डागावर पसरला आणि वर तांब्या ठेवला. त्यांचे डोळे आरशातून माझ्या डोळ्यांना भिडले. मग त्या बाहेर करवंदीकडं बघायला लागल्या.

“न्हाय,” काकू म्हणाल्या.

तिथून घाटमाथा फार लांब नव्हता. गुडघा लागत होता, मी दांडा हलवत होतो, पण आता मला मजा येत नव्हती. एकदाही तीन टोल्यांची गरज पडली नाही.

भैरोबाचं देऊळ लहानसं आहे. दगडी चौथरा, वर पत्र्याचं छप्पर, पुढं घंटा, आणि भोवती वारा. गुरवानं काकूंच्या हातून तांब्या घेतला, आत डोकावून बघितलं, काकूंच्या पदराकडं बघितलं, आणि काही न बोलता पाणी देवाच्या डोक्यावर ओतलं. वृषालीनं सुटकेचा श्वास टाकला. माझा मात्र अडकूनच राहिला. कारण आबा नारळ हातात घेऊन पायरीवर उभे होते आणि फोडत नव्हते.

“पाव्हणं, जरा इकडं या.”

मी गेलो. वृषाली माझ्या मागं मागं आली.

“एक इचारतो. देवाच्या दारात हाय, तवा खरं सांगायचं.” आबांनी नारळाची शेंडी बोटाला गुंडाळली, सोडली. “गाडी कुणी चालवली?”

वृषालीचं बोट माझ्या पाठीत रुतलं. एकदा. दोनदा. तीनदा.

मला तिचं म्हणणं कळत होतं. ‘मी चालवली’ एवढे दोन शब्द बोलायचे होते. पाणी देवाला पोचलं होतं. नारळ फुटला असता, सुपारी फुटली असती, दुपारी पुरणपोळी होती. पण मला काकू दिसत होत्या. त्या घंटेखाली उभ्या होत्या आणि वाऱ्यानं पदर उडू नये म्हणून तो मांडीशी घट्ट धरून होत्या. कालपर्यंत माझ्याशी धड चार वाक्यं न बोललेली ही बाई माझ्यासाठी देवाच्या वाटेवर खोटं बोलली होती. वर आपण आणखी एक खोटं रचायचं आणि त्यावर संसार मांडायचा, हे मला जमेना.

“स्टिअरिंग मी धरलं होतं, आबा,” मी म्हणालो. “गिअर वृषालीनं टाकले. तिचा गुडघा माझ्या पाठीला लागत होता. एकदा लागला की खाली, दोनदा लागला की वर. मला घाटातलं काही कळत नाही. आणि पाणी सांडलंय. काकूंच्या साडीवर आहे. त्यांना काही बोलू नका.”

मागून वृषालीनं कपाळावर हात मारल्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला.

आबांनी काकूंकडं मान वळवली.

“शालन.”

“काय वो?”

“वळणावर तू खोकलीस.”

“घशात धूळ गेली.”

“काचा तूच वर घ्यायला लावल्या हुत्यास.”

काकूंनी खाली बघितलं. आधी त्यांचे खांदे हलले, मग पदर तोंडाला गेला, आणि मग साडीवरचा तो डाग सगळ्या जगाला दाखवत काकू अशा हसल्या की घंटेखालून त्यांना पायरीवर येऊन बसावं लागलं.

“पाव्हणं,” आबा म्हणाले, “ह्या खोकल्यावर मी हिच्या बापाची जीप वर आणलीय. तो मला वळखू येनार न्हाय व्हय?”

“म्हणजे?”

“म्हंजे काय! मी हिच्या वडलांना सांगितलं हुतं, ट्रकवर ड्रायव्हर हाय. हुतो किन्नर, म्हंजे क्लीनर. ट्रक धुयाचा, टायर बदलायचा, मागं घेताना ‘येऊ द्या, येऊ द्या’ म्हणायचं. ही बापाबरोबर दर बाजाराला जीपमधनं जायची, हिला सगळा घाट कानानं पाठ. एक खोकला खाली, दोन खोकलं वर. माथ्यावर पोचस्तवर हिचा घसा बसला. सासरा म्हणाला, पोरीचं काय खरं न्हाय, हिला कऱ्हाडला दवाखान्यात दाखवा.”

“दाखवलं पण हुतं,” काकू हसता हसता म्हणाल्या. “कडू औषध प्याले आठ दिस. ह्यांच्यापायी.”

“आबा!” वृषाली ओरडली. “म्हणजे तुम्हाला पहिल्यापासून कळलं होतं?”

“बाई, तुझा गुडघा सीटला लागला की सगळी सीट हलती. मला डोळं हायत. आन वर हे पाव्हणं म्हणत्यात, आतून कळतं!”

आक्का तोवर चौथऱ्याला टेकून गूळ-खोबरं खात होत्या. त्या म्हणाल्या, “मग? पोरीला ड्रायव्हरच्या मागं बसवायची रीत काय शोभेला पडली? माझ्या ओव्हरसियरला मी मागनं दोनदा सांगितलं, साहेब, गिअर खाली घ्या. म्हणाला, बायकांनी गाडीत मधी बोलू नये. म्हटलं, बरं. गप बसले. गेला करवंदीत.”

मी आबांना विचारलं, “तुमच्या सासऱ्यांनी तुम्हाला काही विचारलं नाही?”

“इचारलं की. ह्याच पायरीवर. मी छाती फुगवून सांगितलं, मीच चालवली.” आबांनी काकूंकडं तिरक्या नजरेनं बघितलं. “कबूल व्हायला मला दोन पोरं व्हावी लागली. तुमी तर अक्षतांच्या आधीच कबूल झाला! सांडलं ते त्यात फिटलं.”

आणि त्यांनी नारळ असा हाणला की पाणी माझ्या शर्टावर उडालं.

“खेप पोचली!”

परतताना गाडी वृषालीनं चालवली. उताराला तिनं ज्या सफाईनं एकेक गिअर खाली घेतला, ब्रेकला जवळपास पायच लावला नाही, ते बघून मला माझ्या सकाळच्या बोलण्याची फार लाज वाटली. पण दुपारी मी सहा पुरणपोळ्या खाल्ल्या.

या गोष्टीला आता बारा-तेरा वर्षं झाली. गाडी तीच आहे, तिचा रंग उडालाय. आक्का राहिल्या नाहीत, पण वळणाला नाव अजून त्यांच्याच ओव्हरसियरचं आहे. दरवर्षी भैरोबाच्या जत्रेला आम्ही वर जातो. आबा पुढं डावीकडं बसतात, काकू मागं, आणि मी वृषालीच्या बरोबर मागं. एवढ्या वर्षांत माझाही घाट पाठ झालाय. निदान मला तसं वाटतं.

यंदा ओव्हरसियरचं वळण आलं. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. वृषाली तीनवरच होती. मी जरा पुढं झुकून म्हणालो, “अगं, आता खाली घ्यायला हवा. चढ आपल्याशी बोलत असतो. मी तर म्हणतो...”

वृषालीनं मागं वळून बघितलं नाही. एका हातानं दांडा ओढला आणि दुसऱ्या हातानं हॉर्न दाबला. पों. पों. पों.

“समोर कुनी न्हाय, मग हॉर्न कुणाला?” आबांनी विचारलं.

काकू माझ्याकडं बघून एकदा खोकल्या. मी मागं टेकून गप्प बसलो.